महिन्याचा अहवाल कुणासाठी? वेबसाइटच्या आकड्यांची उलटतपासणी

संयोजकांनी आम्हाला विषय दिला तो असा : वेब अॅनालिटिक्स वापरून व्यवसायाची वेबसाइट कशी सुधारावी. विषय सरळ आहे. त्यावर दहा उपाय सांगून तासाभरात मोकळं होता आलं असतं. पण पुस्तकाची समीक्षा होते, नाटकाची होते, तशी आज आम्ही एका कागदाची करणार आहोत. वेबसाइट सांभाळणारी मंडळी दर महिन्याला मालकाला पाठवतात तो अहवाल. रंगीत असतो, आलेख असतात, हिरवे बाण असतात, आणि आमच्या अनुभवात तो शेवटच्या पानापर्यंत कुणी वाचत नाही.

आधीच कबूल करतो, की असे अहवाल आम्ही स्वतः अनेक वर्षं लिहिले आहेत. त्याचे पैसेही घेतले आहेत. तेव्हा आजची टीका लांबून केलेली नाही.

सुरुवात एका प्रसंगापासून करू. देवगडकडचे एक आंबा बागायतदार. नाव सांगत नाही, आम्ही त्यांना काका म्हणतो. हापूसच्या पेट्या थेट ग्राहकाला पाठवतात आणि त्यासाठी त्यांची एक छोटी वेबसाइट आहे. एका मे महिन्याच्या शेवटी आम्ही त्यांना चौदा पानांचा अहवाल दिला. पहिल्याच पानावर ठळक अक्षरात : भेटींमध्ये लक्षणीय वाढ. काकांनी चष्मा लावून पाच मिनिटं तो चाळला आणि विचारलं, "लोक वाढले म्हणता, मग पेट्या कुठे गेल्या?"

पेट्या आदल्या वर्षीपेक्षा कमी गेल्या होत्या. चौदा पानांत या प्रश्नाला उत्तर नव्हतं. उत्तर चुकीचं होतं असं नाही, तो प्रश्नच कुठे नव्हता. तिथून आम्ही आमचेच जुने अहवाल परत काढून वाचायला बसलो.

पहिल्यांदा भाषा बघा. 'वाढ झाली', 'घट दिसून आली', 'सुधारणा नोंदवली गेली'. कर्ता कुठेच नाही. कुणी काय केलं म्हणून वाढ झाली? सरकारी खात्याच्या पत्रात असते तशी ही भाषा आहे. तिच्यात यशाचं श्रेय आपोआप लिहिणाऱ्याकडे येतं आणि अपयश हवामानासारखं वरून पडतं. अख्ख्या अहवालात 'म्हणून आता हे करा' असं एक वाक्य शोधून दाखवा. आमच्या जुन्या अहवालांत आम्हाला ते फार क्वचित सापडलं.

आता शब्दांकडे येऊ. पहिला शब्द, यूजर. मालकाला वाटतं यूजर म्हणजे माणूस. तसं नाही. साधन माणूस मोजत नाही, ब्राउझरमध्ये ठेवलेली एक खूणचिठ्ठी मोजतं. तिलाच कुकी म्हणतात. एकच बाई सकाळी मोबाइलवर आंबे बघते आणि दुपारी ऑफिसच्या संगणकावरून परत बघते. साधारणपणे हे झाले दोन यूजर. घरात एकच लॅपटॉप, त्यावर सासू, सून आणि मुलगा तिघांनी बघितलं, तर एक यूजर. त्यात २०१९पासून अॅपलच्या सफारी ब्राउझरने पानावरच्या स्क्रिप्टने ठेवलेल्या कुकीचं आयुष्य सात दिवसांवर आणलं. म्हणजे आयफोनवाला ग्राहक आज भाव बघून गेला आणि दहा दिवसांनी पगार झाल्यावर ऑर्डर द्यायला आला, तर तो 'नवा' ठरू शकतो. मग अहवाल म्हणतो, नव्या ग्राहकांचा ओघ चांगला आहे! तुमच्याकडे परत परत येणारं माणूस असं नव्याच्या रांगेत जाऊन बसतं.

तरी हे दिवस पूर्वीपेक्षा बरे म्हणायचे. नव्वदच्या दशकात 'हिट्स' मोजायचे. पानावर वीस चित्रं असली की पान एक आणि चित्रं वीस, असे एका भेटीत एकवीस हिट्स. जितकी चित्रं जास्त तितकी वेबसाइट लोकप्रिय. आज आपण त्याला हसतो. पण आपल्या आजच्या कुठल्या शब्दाला पुढची पिढी हसेल, तेही बघायला हवं.

आमच्या मते तो शब्द म्हणजे बाउन्स रेट. यावर जरा थांबू, कारण सगळ्यात जास्त घोळ इथे झाला आहे आणि त्यात आम्हीही होतो.

गूगल अॅनालिटिक्सच्या जुन्या आवृत्तीत, म्हणजे युनिव्हर्सल अॅनालिटिक्समध्ये, माणूस एक पान बघून दुसरं काही न करता गेला की तो बाउन्स. आणि वेळ कसा मोजत? पहिलं पान उघडलं नऊ वाजता, दुसरं उघडलं नऊ वाजून चार मिनिटांनी. म्हणजे पहिल्या पानावर चार मिनिटं. दुसऱ्यावर किती? ते कळायला तिसरं पान उघडायला हवं होतं. ते उघडलं नाही, म्हणून शून्य. दोन वेळांची वजाबाकी होती ती. दुसरी वेळच नसेल तर वजाबाकी कशातून करणार?

आता काकांच्या वेबसाइटवर या. दादरच्या एका ताईंनी पान उघडलं. भाव वाचला, फोटो बघितले, खाली फोन नंबर दिसला. त्यांनी घरच्या फोनवरून नंबर फिरवला, चार पेट्या सांगितल्या आणि पान बंद केलं. काकांचं त्या दिवशीचं सगळ्यात चांगलं गिऱ्हाईक. साधनाच्या दृष्टीने काय? एक पान, शून्य सेकंद, बाउन्स. आणि आम्ही अहवालात लिहीत होतो, बाउन्स रेट चिंताजनक आहे, फोन नंबर आतल्या पानावर हलवावा, म्हणजे लोक दुसरं पान उघडतील. हसू नका, खरंच लिहिलं होतं. नशीब, काकांनी ऐकलं नाही.

मग आवृत्ती चार आली. २०२०च्या ऑक्टोबरमध्ये तिची घोषणा झाली आणि १ जुलै २०२३पासून जुन्या मोफत आवृत्तीने नवी नोंद घेणं थांबवलं. नव्यात बाउन्सची व्याख्याच बदलली. भेट दहा सेकंदांपेक्षा जास्त टिकली, किंवा दोन पानं बघितली, किंवा तुम्ही महत्त्वाची ठरवलेली एखादी कृती झाली, तर ती 'गुंतलेली' भेट. उरलेल्या भेटींची टक्केवारी म्हणजे बाउन्स रेट. नाव तेच, वस्तू वेगळी. साहजिकच बऱ्याच वेबसाइटींचा बाउन्स रेट एका रात्रीत खाली आला. कुणीही काही केलं नव्हतं. एखाद्या गावात शेराचं माप बदलावं आणि दूध वाढलं म्हणून पेढे वाटावेत, तसा प्रकार. आमच्या त्या तिमाहीच्या अहवालात खाली जाणारा हिरवा बाण होता आणि शेजारी शब्द होता 'सुधारणा'. खोटं बोलायचं असं ठरवून कुणी लिहिलं नव्हतं. साच्यात आकडा बसला, बाण आपोआप हिरवा झाला, आम्ही तो तसाच पाठवला.

नवी व्याख्या जुनीपेक्षा शहाणी आहे, हे मान्य करायला हवं. पण ते दहा सेकंद कुणी ठरवले? साधनाने. सेटिंगमध्ये जाऊन ते साठपर्यंत वाढवता येतात. किती मालकांना हे कुणी सांगितलं असेल? आंब्याचा भाव दहा सेकंदांत वाचून होतो. शेतीच्या पंपाची माहिती वाचायला दहा सेकंद म्हणजे काहीच नाही. दोघांना एकच घड्याळ लावायचं आणि मग तुलना करायची!

इथे थोडं साधनाच्या घराण्याबद्दल बोलू, कारण समीक्षेत लेखकाची पार्श्वभूमी बघतात. अर्चिन नावाची कॅलिफोर्नियातली एक कंपनी होती. गूगलने २००५मध्ये ती विकत घेतली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये गूगल अॅनालिटिक्स मोफत सुरू झालं. लिंकच्या शेवटी आपण 'यूटीएम' म्हणून जे शेपूट लावतो, त्यातला 'यू' म्हणजे अजून तीच अर्चिन. आता विकत घेणारी कंपनी जाहिराती विकणारी. साधन वाईट आहे असं यातून सिद्ध होत नाही. आम्ही रोज तेच वापरतो. पण त्याचे तयार अहवाल उघडलेत तर 'लोक कुठून आले' याला फार मोठी जागा आहे, आणि 'येऊन त्यांचं काम झालं का' हे मात्र तुम्हाला स्वतः मांडून घ्यावं लागतं. जाहिरात देणाऱ्याचा पहिला प्रश्न पहिला असतो. काकांचा पहिला प्रश्न दुसरा होता.

आणि 'कुठून आले' हेही पूर्ण कळतं असं नाही. 'डायरेक्ट' नावाचा एक रकाना असतो. मालकाला वाटतं, लोकांनी आपलं नाव लक्षात ठेवून पत्ता टाइप केला, म्हणजे ब्रँड झाला! पण ज्याचा मूळ पत्ता सापडत नाही ते सगळं तिथे पडतं. घरात एक खण असतो बघा, जुनी बिलं, सेल, रबरबँड, कुठली तरी किल्ली. तसा खण आहे तो. व्हॉट्सअॅपवर आलेल्या लिंकवरून माणूस आला की बहुतेक वेळा तो तिथेच जातो. आपल्याकडचा किती व्यवहार व्हॉट्सअॅपच्या गटांवर चालतो, आठवून बघा. उपाय सोपा आहे : गटावर टाकायच्या लिंकला ते यूटीएमचं शेपूट लावून टाकायचं.

आता सरासरी. अहवालातला सगळ्यात रुबाबदार आकडा म्हणजे एकूण रूपांतर दर, शंभर भेटींमागे ऑर्डर किती. समजा, मार्च महिन्यात संगणकावरून १,००० भेटी आणि ४० ऑर्डरी. मोबाइलवरून १,००० भेटी आणि १० ऑर्डरी. एकूण २,००० भेटींना ५०, म्हणजे अडीच टक्के. एप्रिलमध्ये संगणकावरून १,००० भेटी, ४५ ऑर्डरी. मोबाइलवरून ४,००० भेटी, ४८ ऑर्डरी. संगणकाचा दर चारवरून साडेचार टक्के झाला. मोबाइलचा एकवरून एक पूर्णांक दोन. दोन्हीकडे सुधारणा. आणि एकूण? ५,००० भेटींना ९३ ऑर्डरी, म्हणजे १.८६ टक्के. दोन्ही हात वर गेले आणि माणूस खाली आला! ऑर्डरी तर जवळजवळ दुप्पट झाल्या. पण अहवालात लाल बाण येणार, आणि मालक चांगली चाललेली मोबाइलची जाहिरात बंद करून टाकणार. संख्याशास्त्रात याला सिम्प्सनचा विरोधाभास म्हणतात. नाव विसरलात तरी चालेल. एकूण आकडा दिसला की फोडून मागा, एवढं केलं तरी पुष्कळ झालं.

मग कुणी म्हणतं, सरळ प्रयोगच करू या. दोन पानं करा, अर्ध्यांना एक दाखवा, अर्ध्यांना दुसरं. यात नेहमी दिला जाणारा दाखला बराक ओबामांच्या २००८च्या प्रचाराचा. नावनोंदणीच्या पानावर चार प्रकारची बटणं आणि सहा प्रकारचे फोटो-व्हिडिओ, असे चोवीस जोड त्यांनी तपासले. मूळ पानावर ८.२६ टक्के लोक नाव नोंदवत होते, जिंकलेल्या पानावर ११.६ टक्के. गोष्ट खरी आहे आणि शिकण्यासारखी आहे. पण ती सांगताना एक आकडा बहुधा गाळला जातो. त्या प्रयोगात तीन लाखांहून जास्त लोक आले होते, प्रत्येक जोडाला जवळपास तेरा हजार. आपल्या छोट्या दुकानात हिरव्या बटणावर पाच ऑर्डरी आल्या आणि लालवर आठ, तर त्याला आम्ही निकाल म्हणणार नाही. नाणं उडवलं तरी असं होतं. तरीही बटणाचा रंग बदलून विक्री वाढवल्याचे दावे आमच्या व्यवसायात मुक्तपणे होतात. आणि महिन्याला दोनशे भेटी असलेल्या मालकाला त्याचं बिल जातं, याचा आम्हाला खरा राग आहे.

लहान वेबसाइटने मग काय करायचं? बघायचं. म्हणजे शब्दशः, माणसाच्या शेजारी बसून बघायचं. याकोब नील्सन यांनी २०००मध्येच लिहिलं होतं, की पाच माणसांना वापरताना बघितलं तर अडचणींचा मोठा भाग समोर येतो. आणि जॅरेड स्पूल यांनी २००९मध्ये लिहिलेली एका मोठ्या विक्री-संकेतस्थळाची हकिकत आम्हाला ओबामांच्या दाखल्यापेक्षा जास्त मोलाची वाटते. तिथे खरेदी करताना मध्येच 'नोंदणी करा' असा अडथळा होता. मालकांना वाटायचं, यात ग्राहकाची सोय आहे. यांनी लोकांना खरोखर खरेदी करायला बसवलं, तेव्हा दिसलं की माणसं त्या पानावर चिडतात. नवी माणसं म्हणतात, मला नातं जोडायचं नाही, वस्तू हवी आहे. जुन्यांना पासवर्ड आठवत नाही. हे दिसल्यावर, लक्षात घ्या, दिसल्यावर, ते आकड्यांकडे गेले. तेव्हा कळलं की दिवसाला सुमारे १,६०,००० लोक पासवर्ड विचारत होते आणि त्यातले ७५ टक्के पुढे खरेदी पुरी करतच नव्हते. 'नोंदणी करा' काढून तिथे 'पुढे जा' असं बटण ठेवलं, नोंदणी सक्तीची नाही अशी एक ओळ लिहिली, आणि खरेदी करणारे ४५ टक्क्यांनी वाढले. ते आकडे संगणकात आधीपासून पडून होतेच. ते काढा म्हणायला कुणीतरी ग्राहकाच्या शेजारी बसावं लागलं.

परत काकांकडे. पेट्या कुठे गेल्या? आम्ही अखेर तो प्रश्न घेऊन आकड्यांकडे गेलो. वाढलेल्या भेटी कुठल्या पानावर उतरल्या, एवढंच बघितलं. पाच मिनिटांचं काम. भेटी वाढवायच्या म्हणून आम्हीच हंगामाआधी वेबसाइटवर कैरीच्या लोणच्याची कृती लिहिली होती. सगळी गर्दी तिथे! लोणचं घालायला बसलेली माणसं. त्यांच्या घरात कैऱ्या आधीच आणलेल्या. त्यांना हापूसची पेटी घ्यायचीच नव्हती. त्या हिरव्या बाणात कैरी आणि मोहरी होती.

त्यानंतर काकांच्या फोनशेजारी एक वही ठेवली. फोन आला की दोन गोष्टी लिहायच्या : कुठून कळलं, आणि पहिला प्रश्न काय विचारला. जोडीला वेबसाइटवर फोन नंबरला टिचकी मारली की नोंद होईल अशी सोय केली. ती आपोआप होत नाही, वेगळी लावावी लागते. संगणकावर नंबर बघून दुसऱ्या फोनवरून लावणारे त्यात येत नाहीतच, म्हणून वही हवी. व्हॉट्सअॅपच्या बटणाची टिचकी बाहेर जाणारी लिंक म्हणून बहुधा आपोआप धरली जाते. या दोन्हींना 'महत्त्वाची कृती' म्हणून खूण केली. गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये लोक काय शब्द टाकून आपल्यापर्यंत येतात ते दिसतं, तेही मोफत. ते बघायला लागलो. आणि अॅनालिटिक्समध्ये एक बारीक गोष्ट बदलली. खोलात जाऊन चाळणी लावण्याचा जो विभाग आहे, त्यातली माहिती मुळात दोनच महिने ठेवली जाते. सेटिंगमध्ये ती चौदा महिने करता येते. आंब्यासारख्या हंगामी धंद्यात हे पहिल्या दिवशी करायला हवं. एप्रिलची तुलना जानेवारीशी करून काय कळणार? ती गेल्या एप्रिलशीच व्हायला हवी. जुन्या आवृत्तीतली माहिती तर जुलै २०२४पासून उघडता येईनाशी झाली. ज्यांनी आधी उतरवून ठेवली नाही, त्यांचे मागचे हंगाम गेले.

वेगाबद्दल एकच. मुख्य मजकूर अडीच सेकंदांत दिसावा, असा गूगलचा निकष आहे. तो ऑफिसच्या वायफायवर तपासू नका. स्वस्तातला फोन घ्या, एसटी स्टँडवर उभे राहा आणि उघडून बघा. काकांच्या पानावरचा पेटीचा फोटो तिथे उघडेपर्यंत आमची गाडी लागली होती.

एक बाजू राहिली, तीही सांगतो. हे सगळं मोजणं म्हणजे माणसांवर नजर ठेवणंच आहे. ऑस्ट्रियाच्या आणि फ्रान्सच्या नियामकांनी २०२२मध्ये गूगल अॅनालिटिक्सच्या वापराविरुद्ध निर्णय दिले होते, युरोपातली माहिती अमेरिकेत जाते या कारणावरून. आपल्याकडे २०२३चा वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा आला आहे. ज्याने मोजायला नकार दिला तो आकड्यात पूर्णपणे येणार नाही, आणि तसंच असायला हवं. आपला आकडा कायम अपुरा असणार हे धरून चालायचं.

वहीत काय निघालं? पहिला प्रश्न पुन्हा पुन्हा एकच : "आमच्याकडे पाठवता का, आणि कधी मिळेल?" वेबसाइटवर बागेचा इतिहास होता, काकांच्या वडिलांचा फोटो होता, हापूसचे गुण होते. कुठल्या शहरात कुठल्या वारी पेटी पोचते, हे कुठेच नव्हतं. आम्ही भावाच्या लगेच खाली ते लिहिलं. लोणच्याची कृती राहू दिली, चांगली आहे ती, पण तिच्या भेटी वेगळ्या मोजायला लागलो. अहवाल एका पानाचा झाला : फोन किती, व्हॉट्सअॅप किती, पेट्या किती, आणि या महिन्यात काय बदलायचं.

यामुळे पेट्या वाढल्या का, हे तुम्ही विचारणार. पुढच्या हंगामात मोहोर गळला आणि आंबाच कमी आला, तेव्हा पेट्यांवरून काही ठरवता येत नाही. आम्ही काकांना तसंच लिहून दिलं, बाण न काढता. वहीत मात्र "पाठवता का" हा प्रश्न कमी झालेला दिसतो. त्याच्या जागी आता दुसरा वाढतो आहे : अर्धी पेटी मिळेल का? काका म्हणाले, हे मला चौदा पानांत कुणी सांगितलं नव्हतं. अर्ध्या पेटीचं खोकं कुठे मिळतं, त्याची चौकशी सध्या चालू आहे. आता तुमचे प्रश्न घेऊ.